डाव्या डोळ्यातली दुपार

उजव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा प्रभावतीला सगळ्यांत आधी दिसला तो नर्सच्या हातातला प्लॅस्टिकचा ट्रे. निळा. इतका निळा की तिने डोळा चटकन मिटून घेतला. डॉक्टर अनुराग तिच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. त्यांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या देविकाला, म्हणजे प्रभावतीच्या मुलीला, सांगितलं की भिंग फार पिकलं होतं, पार तपकिरी झालं होतं, इतके दिवस थांबायला नको होतं. मग फॉर्मवर नजर टाकून ते प्रभावतीला म्हणाले, "अब नींद भी ठीक हो जाएगी, माताजी." झोपेचा आणि डोळ्याचा काय संबंध, असं तिने विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटचा कागद ओढता ओढता सांगितलं की दिवस उजाडला हे शरीराला कळतं ते उजेडातल्या निळ्या भागामुळे, आणि पिकलेलं भिंग नेमका तोच भाग अडवतं. वर्षानुवर्षं मेंदू दिवसभर संध्याकाळच्या उजेडातच बसलेला असतो, मग रात्र झाली हे त्याला कसं पटणार? सगळ्यांचं होतं असं नाही, पण पुष्कळांची झोप ऑपरेशननंतर सुधारते. मोबाइलचं उलटं, ते म्हणाले, तो हाच उजेड रात्री डोळ्यात घालतो. देविका तेव्हा मोबाइलच बघत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान हलवली, नर्स हसली, देविकाही हसली. प्रभावतीला हसू आलं नाही. फॉर्मवर देविकाने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, दोन वर्षांपासून झोप नाही. त्या ओळीसमोर डॉक्टरांनी एक बारीकशी खूण केली होती, उत्तर सापडल्यासारखी.

रिक्षात बसल्यावर तिने काळ्या चष्म्याच्या आत एकेक डोळा मिटून बघायला सुरुवात केली. घरी आल्यावर चष्मा काढून पुन्हा तेच. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या, देविकाच्या सरकारी क्वार्टरची भिंत डाव्या डोळ्याला सायीच्या रंगाची दिसे आणि उजव्याला पांढरी, किंचित निळसर, थंड. पहाडगंजच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं ती विज्ञान शिकवत होती. दर वर्षी लोलक खिडकीत धरून मुलांकडून म्हणून घेत असे, ता ना पि हि नि पा जा. डाव्या डोळ्यात ता ना पि तेवढे शाबूत होते, पुढे सगळं गढूळ होत गेलेलं. हे इतकं हळूहळू झालं होतं की तिला पत्ताच लागला नव्हता. कपाट उघडलं तर करडी म्हणून नेसत आलेली साडी चक्क जांभळी निघाली. तीच साडी ती यजमानांच्या तेराव्याला नेसली होती. द्वारकेच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पलटणीतले लोक, त्यांच्या बायका, कोल्हापूरहून आलेले दीर, सगळ्यांच्या मधे ती जांभळी साडी नेसून बसली होती आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. नात वैभवी अकरा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, मोतीबिंदू म्हणजे पर्ल ना? मग तो काढून टाकला तर ठेवला कुठे?" प्रभावतीने तिला जवळ घेतलं. पोरीच्या केसांच्या तेलाचा वास तोच होता, पण तिच्या फ्रॉकवरची फुलं नवीनच होती.

झोपेबद्दल डॉक्टर बोलले ते मात्र तिच्या डोक्यातून जाईना. कारण तिची झोप का गेली हे तिला पक्कं माहीत होतं. सुभेदार शहाजी, तिचे यजमान, शेवटचे अकरा महिने आडवे होऊ शकत नव्हते. फुप्फुसं निकामी झाली होती. नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, पाठीला तीन उशा. रात्री त्यांना धाप लागे, मग ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसे, दोघं पहाटेपर्यंत गावच्या, पठाणकोटच्या, जोधपूरच्या गोष्टी बोलत. सकाळी मदतीला बाई आली की ती अर्धा तास पाठ टेके, तेवढंच. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी बाई जेवण करून गेली होती. ते जरा बरे वाटत होते. चार घास वरणभात जास्त जेवले होते. ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली, मशीनचा एकसारखा आवाज चालू होता, पडद्यातून ऊन पायांवर येत होतं, आणि तिचा डोळा लागला. चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा ती उठली. मशीन चालूच होतं. त्यांचा हात पलंगाखाली लोंबत होता. शेजारच्या सोसायटीतले डॉक्टर आले, म्हणाले, साडेतीनच्या सुमाराला गेले असावेत. देविका ऑफिसातून धावत आली आणि दारातच तिने विचारलं, आई, तू होतीस ना जवळ? प्रभावती म्हणाली, हो. खोटं नव्हतं ते. ती हातभर अंतरावर होती. पण त्या एका 'हो'ला पुढे लोकांनी विचारून विचारून हातपाय फुटले. हातात हात होता. तोंडात पाणी घातलं. शांतपणे गेले. पलटणीतल्या बायका म्हणाल्या, भाग्यवान, असं मरण कुणाला मिळतं. तिने मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

त्यानंतर तिला झोप आलीच नाही. देविकाने तिला आपल्याकडे आणलं, फ्लॅटला कुलूप लागलं. इथे वैभवीशेजारच्या अरुंद पलंगावर ती पहाटेपर्यंत उघड्या डोळ्यांनी पडून राही. देविकाने दोनदा गोळ्या आणल्या, तिने त्या घेतल्या नाहीत. ज्या झोपेने घात केला ती झोप आता आपल्या वाट्याला येत नाही, हे तिला फार योग्य वाटत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच उमगलं होतं, आणि त्यात एक प्रकारचा आधारही होता. त्या तासांत ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसे. साडेतीनला जागी राही. त्यांचा श्वास अडकतो आहे, ते तिच्याकडे बघतात, ती उठते, पाठीवर हात ठेवते. दोन वर्षं ती रोज त्यांच्या शेवटच्या क्षणाला हजर राहत होती. दिवसा ती पेंगुळलेली असे, डीएमएसच्या दूधकेंद्रावर सुटे पैसे हातात घेऊन उभी असताना नंबर विसरे, बसचा नंबर चुकीचा वाचून एकदा भलतीकडेच मुनिरकाला जाऊन उतरली होती. तेव्हाच देविकाने डोळे तपासायचा हट्ट धरला.

ऑपरेशननंतर चौथ्या रात्री ती दहा वाजता आडवी झाली आणि उठली तेव्हा वैभवीची शाळेची बस येऊन गेली होती. नऊ तास. तोंडाला चव होती, अंग हलकं होतं, गुडघेसुद्धा कमी दुखत होते. तिला इतकी शरम वाटली की ती कितीतरी वेळ पांघरुणातून बाहेर आली नाही. पाचव्या रात्री तेच, सहाव्या रात्री तेच. देविका खूश होती, निखिलला, तिच्या नवऱ्याला, भोपाळला फोन करून सांगत होती की आई बिल्कुल बदलली. प्रभावती ऐकत होती. म्हणजे जागरण तिचं नव्हतंच? भिंगाचं होतं? दोन वर्षं जे तिने शहाजींसाठी म्हणून जपलं ते एका तपकिरी काचेने आपसूक दिलेलं होतं, आणि काच काढल्याबरोबर संपलं? त्यांच्या जाण्याचं तिला काही वाटलं होतं की नव्हतं, याचा दुसरा कुठलाच पुरावा आता तिच्याकडे उरला नव्हता. तिने जागं राहायचा प्रयत्न केला. रात्री नवाला कडक चहा करून प्यायली, उशी न घेता भिंतीला टेकून बसली. त्या खुर्चीपर्यंत जायची, पण श्वास अडकायच्या आधीच झोप तिला ओढून घेऊन जायची.

मग तिने दुसरा मार्ग धरला. डॉक्टरांनीच सांगितला होता, उलट्या बाजूने. देविका ऑफिसला आणि वैभवी शाळेला गेली की ती सगळे पडदे ओढून घेई, खिडकीवर जुनं बेडशीट टाके, काळा चष्मा लावून बसे. वरून उजवा डोळा तळहाताने झाके. मग खोली पुन्हा जुन्या रंगाची होई. डाव्या डोळ्यात ती दुपार होती तशी होती, पिवळसर, जराशी धुरकट. शहाजींना तिने शेवटचं पाहिलं ते ह्याच उजेडात. त्यांचे ओठ निळे पडले होते असं शेजारचे डॉक्टर हळू आवाजात देविकाला म्हणाले होते. प्रभावतीला ते तसे दिसले नव्हते, ते तिला झोपलेल्या माणसाच्या ओठांसारखे दिसले होते. सकाळी तिने त्यांना जेवू घातलं तेव्हाही कदाचित निळे असतील. आदल्या दिवशीही असतील. हा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला.

एके दिवशी देविका लवकर घरी आली. पडदे बघून चिडली, एकेक करून सगळे सरकवले, म्हणाली, आई, हे काय भुताच्या घरासारखं करून ठेवलंस, डोळा नीट होतोय तर तू पुन्हा कोंडून घेतेस. बोलत बोलत ती खिडकीपाशी आली आणि मार्चमधलं चार वाजताचं ऊन तिच्या तोंडावर पडलं. प्रभावतीने नव्या डोळ्याने मुलीकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळंनिळं झालं होतं, कुणी अंगठे दाबून ठेवल्यासारखं. गालांची हाडं वर आली होती. भांगात पांढरे केस होते, थोडेथोडके नव्हेत. बेचाळिसाव्या वर्षी. दोन वर्षं ह्याच घरात, ह्याच टेबलावर समोरासमोर जेवताना तिला मुलगी सावळी आणि तुकतुकीत दिसत होती, जशी लग्नाआधी होती. त्या रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा देविकाच्या दाराखालून निळसर उजेडाची एक फट जमिनीवर पडली होती. घड्याळात पावणेतीन झाले होते. आधीही असेल ती रोज, पण तिच्या डोळ्यांना दिसायची नाही. सकाळी तिने डॉक्टरांचं बोलणं काढलं, म्हणाली, तो फोन रात्री बाहेर ठेवत जा, झोपेचं खोबरं होतं, बीपी वाढतं. देविका म्हणाली ऑफिसचं असतं, मंत्रालयात संसदेचे प्रश्न येतात, तुला नाही कळणार. दुसऱ्या दिवशी प्रभावतीने पुन्हा तेच काढलं. तिसऱ्या दिवशी देविकाने डबा भरता भरता झाकण आदळलं आणि न बोलता निघून गेली. ती असं कधी करत नसे.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, दुसरा डोळा एकवीस तारखेला करून टाकू, दोन्ही डोळ्यांत फार फरक आहे, तोल जाऊन पडाल. प्रभावती म्हणाली, मला नाही करायचा. डॉक्टरांना वाटलं दुखण्याची भीती आहे. देविकाला वाटलं खर्चाचा संकोच आहे, ती म्हणाली, आई, सरकारी कार्डावर होतंय. घरी येईपर्यंत प्रभावतीने मनाशी ठरवलं की आता हे सांगून टाकायचं. एका डोळ्याने तरी तिला त्या दुपारशी बांधून राहू दे, एवढं मागायचं, आणि ते मागायचं तर का ते सांगावं लागेल. मुलीला वाईट वाटेल, रागही येईल. येऊ दे. दोन वर्षं लोकांनी केलेलं कौतुक अंगावर वागवून ती थकली होती. निदान एका माणसाला तरी ती खुर्चीत झोपली होती हे माहीत असावं.

रविवारी वैभवी मैत्रिणीकडे गेली होती. देविका मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. प्रभावती स्टूल ओढून बसली, एकेक चिमटा तिच्या हातात देऊ लागली. खालच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी हिंदीत आऊट नव्हतो म्हणून भांडत होतं.

"देवू," ती म्हणाली, "त्या दिवशी दुपारी, बाबा गेले तेव्हा..."

देविकाचे हात दोरीवरच थांबले. ती वळली नाही.

"मला माहीत होतं तू कधीतरी विचारशील," ती म्हणाली. "तू फोन फोन करायला लागलीस तेव्हाच मला वाटलं, तुला कळलंय."

तिने ओला टॉवेल कठड्यावर तसाच टाकला, आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. त्यात एक फोटो होता, फोनच्याच पडद्याचा काढून ठेवलेला. तिने तो आईच्या हातात दिला. प्रभावतीने उजव्या डोळ्याने वाचलं. अक्षरं खूप स्पष्ट दिसत होती. बाबा. तारीख तीच. दुपारी तीन बावीस.

देविका उभ्यानेच बोलत होती, आवाज न चढवता. जॉइंट सेक्रेटरींची मीटिंग होती. फोन टेबलावर थरथरला, सगळ्यांनी बघितलं. तिने नाव बघितलं आणि कट केला. मीटिंग संपल्यावर करू म्हणाली. चारला आईचा फोन आला. रोज रात्री ती हा फोटो काढून बसते. काय म्हणायचं असेल, एवढंच. निखिललाही सांगितलेलं नाही. एकदाच बाबांनी ऑफिसच्या वेळेत फोन केला होता, नाहीतर कधी करत नसत, ऑफिसची शिस्त त्यांना तिच्याहून जास्त.

प्रभावतीला तो फोन आठवला. त्यांचा तो जुना मोबाइल, चादरीच्या घडीत सापडला होता. तिने तो उचलून कपाटावर ठेवला होता. त्यात काही बघावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. म्हणजे तीन बावीसला ते जागे होते. त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं असणार. ती झोपलेली होती, अकरा महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडं टाकून. त्यांनी तिला हाक मारली नाही, की मारली आणि तिला ऐकू आली नाही? मग त्यांनी मुलीला फोन लावला. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून एकाच वेळी गेलं, आणि तिच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच अडलं.

देविका खाली बसली, बाल्कनीच्या फरशीवर, आईच्या पायाशी. "एकाच गोष्टीवर मी तगून आहे, आई," ती म्हणाली. "तू होतीस. तुझा हात होता त्यांच्या हातात. तू नसतीस आणि त्यांनी मला बोलावलं असतं आणि मी कट केला असता, तर मी कशी जगले असते मला माहीत नाही."

खालचं भांडण मिटलं होतं. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला. प्रभावतीने हातातला चिमटा कठड्यावर ठेवला.

"होते मी," ती म्हणाली. "मीच लावून दिला फोन."

देविकाने मान वर केली.

"त्यांना वैभवीच्या शाळेचं विचारायचं होतं. ती नाटकात होती ना तेव्हा. ती झाडच झाली की अजून काही, असं चाललं होतं त्यांचं. तू उचलला नाहीस, तर म्हणाले, मीटिंगमध्ये असेल, राहू दे, संध्याकाळी बोलू. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, म्हणून तुला कधी बोलले नाही."

"त्रास होत नव्हता?"

"नाही. पाणी मागितलं. मी दिलं. मग हात धरून उशांना टेकून राहिले."

देविकाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. खूप वेळ रडली, लहानपणी तापात रडायची तशी, आवाज न करता. प्रभावती तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. स्वतःचं सांगायचं होतं ते आता कुठेच सांगता येणार नव्हतं, हे तिला त्या हाताखालीच कळत गेलं. थोड्या वेळाने देविकाने नाक पुसत विचारलं, मग तुला डोळा का नाही करायचा? प्रभावतीकडे सांगण्याजोगं कारण उरलं नव्हतं. ती म्हणाली, एकवीस तारीख सांग त्यांना.

डावा डोळा झाला. तपकिरी भिंग गेलं आणि त्याबरोबर खोलीचा तो रंगही गेला. आता कुठलाही डोळा मिटला तरी भिंत पांढरीच दिसते. प्रभावती रात्री दहाला झोपते, सकाळी साडेपाचला उठून मैदानाला चार फेऱ्या मारते. देविकाच्या दाराखालची फट पहिल्या आठवड्यात दोनदा दिसली, मग नाही. तिच्या डोळ्यांखालचं काळं एकदम गेलं नाही, पण ती रविवारी उशिरापर्यंत झोपू लागली आणि वैभवी आजीकडे तक्रार करू लागली की मम्मी उठतच नाही. प्रभावती कधी कधी दुपारच्या वेळी त्या खुर्चीत जाऊन बसायचा प्रयत्न करते. पण आता तिथे तिला ती झोपलेली सापडत नाही. ती फोन लावताना दिसते, पाण्याचा पेला ओठांना लावताना दिसते, सगळं लख्ख उजेडात. जे खरंच घडलं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं, डोळे मिटलेले होते, आणि पाहिलेलं दुसरं काही नसल्यामुळे हेच तिथे येऊन बसलं आहे. देविका अधूनमधून त्या दुपारबद्दल विचारते. भाजी निवडताना, बसमध्ये, कधी वैभवीची वेणी घालताना. प्रभावती सांगते. दर वेळी एखादी बारीक गोष्ट जास्त सांगावी लागते. परवा देविकाने विचारलं की फोन ठेवताना बाबा हसले होते का. प्रभावतीने आठवतेय असं दाखवलं, आणि मग म्हणाली, हो, थोडेसे.